सहा सत्रे, एक पुस्तिका आणि सातवे विधान

आमच्या उपजिल्हा रुग्णालयात गेल्या हिवाळ्यात अपघात विभागातील परिचारिकांसाठी सहा सत्रांचा एक कार्यक्रम झाला. विषय होता ‘दुय्यम आघातजन्य ताण’, म्हणजे दुसऱ्यावर कोसळलेले संकट रोज जवळून पाहिल्याने आणि ऐकल्याने पाहणाऱ्याच्याही मनात घर करून राहणारा ताण. शहरातील एका संस्थेने हा कार्यक्रम घेतला. पंधरा दिवसांतून एकदा दोन तासांचे सत्र, सोबत मराठी पुस्तिका आणि शेवटच्या सत्रानंतर तीन महिने दूरध्वनीवरून समुपदेशन असे त्याचे स्वरूप होते. शेजारच्या तालुक्यांतील दोन ग्रामीण रुग्णालयांतून ‘आमच्याकडे घ्यावा का’ अशी विचारणा झाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सहापैकी पाच सत्रांना मी उपस्थित होते. एका सत्राच्या दिवशी समोरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि आम्ही सगळ्याच जणी खाली धावलो.

मी अधिपरिचारिका आहे. यवतमाळ जिल्ह्यात चौदा वर्षे नोकरी झाली असून त्यांपैकी नऊ वर्षे अपघात विभागात गेली. आमच्याकडे संकटेसुद्धा हंगामाप्रमाणे येतात. मृग लागला की वीज पडून भाजलेले आणि साप चावलेले, पोळ्याच्या आगेमागे फवारणीतून विषबाधा झालेले, कापूस आणि सोयाबीनचा हिशेब जुळेनासा झाला की तेच फवारणीचे औषध मुद्दाम घेतलेले, आणि रस्त्यावरचे अपघात बाराही महिने. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वेळी मी विभागात नवीन होते. आम्हाला त्या काळात औषधांचा साठा मोजण्याचे प्रशिक्षण मिळाले, रुग्णाचे कपडे उतरवून साबणाने अंग धुण्याचे मिळाले, नोंदी कशा ठेवाव्यात याचेही मिळाले. घरी गेल्यावर झोप का लागत नाही, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. त्यामुळे या कार्यक्रमाचा कागद सूचनाफलकावर लागला तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींची पहिली प्रतिक्रिया अशी होती की आता याचीही स्वाक्षरीपत्रके भरावी लागणार.

सुरुवात नावापासून करते. ‘दुय्यम’ हा शब्द आमच्या गटाला मुळीच आवडला नाही. सरकारी नोकरीत दुय्यम म्हणजे खालचा: दुय्यम निबंधक, दुय्यम दर्जा, दुय्यम वागणूक. ‘मरणारा पहिल्या नंबरचा, आम्ही दुसऱ्या नंबरच्या, इथेही प्रतीक्षा यादीच का,’ असे आमच्या परिसेविका हसत हसत म्हणाल्या. संस्थेच्या समुपदेशक ताईंनी त्यावर दिलेले स्पष्टीकरण मात्र नेमके होते. येथे दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचे नव्हे, तर दुसऱ्याच्या मार्फत पोहोचलेले. त्यांनी सांगितले की करुणा बाळगून येणारा थकवा या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग परिचारिकांच्या संदर्भात प्रथम १९९२ मध्ये कार्ला जॉयन्सन यांनी केला, तोही आपत्कालीन विभागातील परिचारिकांबद्दल लिहिताना. पुढे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी या कल्पनेची व्यवस्थित मांडणी केली. कामाचा भाग म्हणून आघाताचे तपशील वारंवार समोर येणे हेही आघाताचेच एक रूप असू शकते, असे अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने मान्य केले आहे. हे ऐकून आमच्यापैकी एक जण, जी एरवी सभेत तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, ‘म्हणजे हे आहे तर.’ नाव मिळाल्याने दुखणे कमी होत नाही, पण ते आपल्या स्वभावाचा दोष नव्हे एवढे कळते. त्या दोन तासांचे मोल माझ्या लेखी तेवढ्यावरच वसूल झाले.

आता पुस्तिकेकडे वळते, कारण सर्वाधिक तक्रार आणि सर्वाधिक उपयोग या दोन्ही गोष्टी तिच्यातच आहेत. पुस्तिकेचा कणा म्हणजे ‘प्रोक्वॉल’ ही प्रश्नावली. बेथ हडनॉल स्टॅम यांनी विकसित केलेली ही मोजपट्टी विनामूल्य वापरता येते. तिच्यात तीस विधाने आहेत आणि गेल्या तीस दिवसांचा विचार करून प्रत्येकापुढे एक ते पाच यांपैकी आकडा लिहायचा असतो. दहा विधाने कामातून मिळणारे समाधान मोजतात, दहा विधाने दमून विटून जाणे मोजतात आणि दहा विधाने हा दुय्यम ताण मोजतात. प्रत्येक भागात २२ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे कमी, ४२ किंवा त्याहून अधिक म्हणजे जास्त आणि मधले सगळे मध्यम. हे निदान नव्हे, फक्त चाळणी आहे, हेही पुस्तिकेत ठळक छापले आहे, ते योग्यच आहे.

परंतु भाषांतर करणाऱ्याने मूळ प्रश्नावलीतील मोकळ्या जागा न वाचताच भरल्या. मूळ प्रश्नावलीत ‘मदत करणारी व्यक्ती’ या अर्थाचा शब्द चौकटी कंसात दिलेला असतो, तो काढून आपल्या व्यवसायाचा शब्द घालावा अशी सोय आहे. भाषांतरात तिथे सरसकट ‘मदतनीस’ छापले आहे. महाराष्ट्रात मदतनीस म्हणजे अंगणवाडीतली मदतनीस, हे ज्याला ठाऊक नाही त्याने हे काम केले असावे. ‘मदतनीस म्हणून माझे काम मला आवडते’ असे वाक्य वाचून आमच्या कक्षसेविका मावशी म्हणाल्या, ‘मंग हे माह्यासाठी हाये का तुमच्यासाठी?’ हसू आले खरे, पण प्रश्न रास्त होता. मावशीही तेच मृतदेह उचलतात, त्याच फरशीवरचे रक्त पुसतात, आणि कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती. दुसऱ्या सत्रापासून आम्ही त्यांना बसवून घेतले. संस्थेने हरकत घेतली नाही, याची नोंद करते.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. पहिल्या दिवशी सर्वांनी प्रश्नावली भरली, गुणांची बेरीज झाली आणि जवळपास सगळ्याच जणी दमून विटल्याच्या भागात मध्यम ठरल्या. माझे गुण ३१ आले. आमच्यातली सर्वांत उत्साही मुलगी, जी रात्रपाळीतही गाणे गुणगुणते, तिचे ३३. तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितले की मी आतून संपले आहे म्हणे. मला ते पटेना. रात्री पुस्तिका पुन्हा काढून विधाने वाचली तेव्हा ध्यानात आले की त्या भागातील पाच विधाने उलट अर्थाची आहेत. पहिलेच विधान आनंदी असण्याविषयी आहे. तिथे पाच लिहिले तर ते एक धरायला हवे, चार लिहिले तर दोन. मूळ प्रश्नावलीत ही सूचना आहे, मराठी पुस्तिकेत ती गळली होती. त्या पाचही विधानांपुढे मी चार लिहिले होते, म्हणजे वीस. उलटवल्यावर ते दहा झाले आणि माझे गुण ३१ वरून २१ वर, मध्यम गटातून कमी गटात आले. पुढच्या सत्रात मी हे दाखवले, ताईंनी तिथल्या तिथे मान्य केले आणि सगळ्यांच्या बेरजा पुन्हा केल्या. चूक मान्य करण्यातला हा सरळपणा आमच्या क्षेत्रात रोज भेटत नाही. तरीही ज्या रुग्णालयांत आधी हा कार्यक्रम झाला, तिथल्या परिचारिका स्वतःला विनाकारण खचलेल्या समजत फिरत असतील, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

दुरुस्त केलेल्या गुणांनी मात्र मला एक गोष्ट शिकवली, जी मी नऊ वर्षांत धरू शकले नव्हते. दमण्याचे माझे गुण कमी आणि दुय्यम ताणाचे ३४, म्हणजे मध्यम. मला कामाचा कंटाळा आलेला नाही. पाळी संपल्यावर पाय दुखतात, पण दुसऱ्या दिवशी यावेसे वाटते. जे होते ते वेगळेच आहे. विषबाधेच्या रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा तर ०.६ मिलिग्रॅमची छोटी काचेची ॲम्प्यूल एकामागून एक फोडावी लागतात. छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट होत जाते, आणि बघता बघता ट्रेमध्ये काचेच्या मानांचा ढीग होतो. कापसाच्या बोळ्यातूनही बोटांना चिरा पडतात. एका दिवाळीत सासूबाईंबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शेंगेचा तो कट्ट असा आवाज आला आणि माझा हात थांबला. मी मनातल्या मनात मोजत होते: आठ, नऊ, दहा. सासूबाईंनी विचारले, काय झाले गं? मी म्हटले, काही नाही, खवट निघाली. थकलेल्या माणसाला रजा दिली की तो सावरतो. हे रजेच्या दिवशीच घडले होते. हा फरक मला एका कागदी प्रश्नावलीने दाखवला, म्हणून एवढ्या चुका असूनही ती पुस्तिका मी कपाटात जपून ठेवली आहे.

पहिल्या सत्राच्या उत्तरार्धाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. गोल करून बसवून प्रत्येकीला ‘तुमचा सर्वांत वाईट प्रसंग सविस्तर सांगा’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या क्रमांकावर बसलेली मुलगी सांगता सांगता रडली, चौथीला आपली पाळी येणार म्हणून घाम फुटला, आणि ज्या प्रसंगात मी नव्हते असे दोन प्रसंग मी त्या दिवशी घरी घेऊन गेले. दुय्यम ताणावरच्या सत्रात दुय्यम ताणाची अशी वाटणी व्हावी, हे विचित्र होते. एकाच बैठकीत असे सगळे वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, असा निष्कर्ष संशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यांतून बऱ्याच वर्षांपूर्वी निघाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसशास्त्रीय प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही कोणाला घटना सांगण्यासाठी भाग पाडू नये असेच सांगितले आहे. त्यातच आमच्या अधिसेविका बाई कौतुकाने येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या मनाने चांगल्या आहेत, पण गोपनीय अहवाल ज्यांच्या हाताखालून जातो त्यांच्यासमोर ‘मला हात कापायला लागला’ असे कोण सांगेल? पुढच्या सत्रांत बाई आल्या नाहीत आणि सक्तीने सांगण्याचा प्रकारही बंद झाला.

श्वसनाचे व्यायाम, डोळे मिटून समुद्रकिनारा आठवणे वगैरे ठीक. आमच्यापैकी सात जणींनी समुद्र पाहिलेलाच नाही. पुढे जाऊ.

तिसऱ्या सत्रातली एक गोष्ट मात्र आम्ही उचलली आणि ती टिकली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने, रुग्ण दगावल्यावर त्याच्याभोवती असलेल्या सगळ्यांनी पाऊण-एक मिनीट काही न बोलता उभे राहायचे, अशी प्रथा सुरू केली. प्रार्थना नाही, भाषण नाही. आमच्याकडे ती जशीच्या तशी चालली नाही. बाहेर तीस-चाळीस नातेवाईक, दाराच्या काचेतून आत पाहणारे, आणि त्यांना परिचारिका नुसत्या उभ्या दिसल्या तर ‘काही करून नाही राहिले’ असा ओरडा होणार. म्हणून आम्ही वेळ बदलली. नातेवाइकांना सांगून झाले, एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा, कागद पोलिसांकडे गेला, आणि शवविच्छेदनासाठी स्ट्रेचर हलवायचे, त्याच्या आधी पडदा ओढून आम्ही उभ्या राहतो. डॉक्टर असतील तर डॉक्टर, मावशी असतातच. मी घड्याळ पाहत नाही. पहिल्या वेळी फार अवघडल्यासारखे झाले, एकीला खोकला आला. आता पडदा कोणी ओढायचा हेही सांगावे लागत नाही.

चौथे सत्र हे या संपूर्ण कार्यक्रमाचे शिखर होते, आणि गंमत म्हणजे ते पुस्तिकेबाहेर घडले. प्रश्नावलीतले सातवे विधान असे काहीसे आहे की आपले खासगी आयुष्य आणि कामाचे आयुष्य वेगळे ठेवणे अवघड जाते. आमच्या गटात त्या विधानाला तीनपेक्षा कमी कोणीच लिहिले नव्हते. ताईंनी ते चिंतेचे लक्षण मानले आणि पुस्तिकेतला उपाय सांगितला: पाळी संपली की कपडे बदला, दार ओलांडताना मनात ‘काम इथे संपले’ असे म्हणा, परतीच्या वाटेवर संगीत ऐका. परिसेविका म्हणाल्या, ‘ताई, परतीची वाट म्हणजे बसस्थानकापासून सात मिनिटे, आणि त्या सात मिनिटांत ज्याच्या मरणाचा कागद मी लिहिला त्याचे दुकान लागते.’

मग मी माझे सांगितले. या वेळी कोणी भाग पाडले नव्हते. एका सप्टेंबरात रात्री अकराच्या सुमारास एक शेतकरी आणला होता. औषधाची बाटली बायकोने पिशवीत घालून सोबत आणली होती, कारण डॉक्टर विचारतील हे तिला माहीत होते. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘सकायी तं चहा पिऊन गेल्ते वावरात.’ पहाटे चारपर्यंत तो होता. तीन आठवड्यांनी आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते आणि समोरून आवाज आला, ‘वयखलं का, सिस्टर?’ तीच होती, पोत्यावर वांगी मांडून बसलेली. तिने वजन केले, वरून दोन जास्त टाकली, पैसे घेतले, आणि मग पदराने हात पुसत विचारले, ‘तुमीच होत्या ना त्या राती? काई बोल्ले का ते?’ त्याने पाणी मागितले होते. तोंडावाटे काही द्यायचे नव्हते, म्हणून मी दिले नव्हते. मी तिला म्हटले, नाही हो बाई, ते शुद्धीवर नव्हते.

ताईंनी पुस्तिका मिटून ठेवली. त्यांनी उपाय सांगितला नाही. त्यांनी विचारले की इतरांना असे कोणी विचारले आहे का. प्रत्येकीकडे एक बाजार, एक बस, एक लग्नाची पंगत, एक शाळेची पालकसभा निघाली. एक जण बाजाराला स्वतः जाणेच बंद करून दोन वर्षे मुलाला पाठवते, हे तिच्या मैत्रिणीलाही ठाऊक नव्हते. खरे सांगावे की नाही यावर मात्र एकमत झाले नाही. परिसेविकांचे म्हणणे की माणसाचे शेवटचे शब्द घरच्यांचे असतात, ते आपण ठेवून घेऊ नयेत. दुसऱ्या एकीचे म्हणणे की पाण्याचे सांगितले असते तर ती बाई जन्मभर पाणी पिताना थांबली असती. ताईंनी निवाडा दिला नाही, आणि मला तेच बरे वाटले. त्याच सत्रात दुसरी बाजूही निघाली. मण्यार चावलेल्या एका मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटर मिळेपर्यंत एकशे आठच्या गाडीत आमच्यातल्या एकीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत नेले होते. तो आता बाजारात दिसला की लांबूनच सायकलची घंटी वाजवतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातील परिचारिकेला हे सुख मिळत नसावे. सातवे विधान आमच्याकडे ताणाइतकेच गावाचा आकारही मोजते, असे मी ताईंना म्हटले, आणि त्यांनी ते लिहून घेतले. पुढच्या आवृत्तीत त्याचे काय होते ते पाहायचे.

दूरध्वनी समुपदेशनाबद्दल थोडक्यात लिहिते. क्रमांक सकाळी दहा ते सायंकाळी पाच चालू असे. आम्हाला ज्या वेळी बोलावेसे वाटते ती वेळ पहाटेची, पाळीच्या मधली. तीन महिन्यांत मी एकदाच फोन केला, तो लागला, बोलणे चांगले झाले, पण तोपर्यंत मी झोपून उठले होते. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हवा होता. आम्ही तो औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवला आहे.

शेवटची दोन सत्रे व्यवस्थापनाविषयी होती: पाळ्या कशा लावाव्यात, एखाद्या रात्री बालमृत्यू झाला तर त्या परिचारिकेला लगेच दुसऱ्या गंभीर रुग्णाकडे पाठवू नये, वगैरे. विचार उत्तम. रात्रपाळीत आम्ही दोघी असतो आणि कधी एकटीच असते, तेव्हा न पाठवायचे म्हणजे कोणाला पाठवायचे, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. ते देणे संस्थेच्या हाती नाही, हे मान्य. पण मग रिक्त पदांचा उल्लेख न करता परिचारिकेच्या मनोबलावर दोन सत्रे घेऊ नयेत. त्याऐवजी चौथ्या सत्रासारखे आणखी एक घेतले असते तर बरे झाले असते.

तरीही कार्यक्रम घ्यावा, असेच मी दोन्ही रुग्णालयांना सांगितले आहे, काही अटी आधी मान्य करून घेऊन. सत्र साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नको. सकाळची पाळी दोनला सुटते, तेव्हा अडीचला ठेवावे आणि ते कामाचे तास धरावेत. वरिष्ठांनी उद्घाटनाला यावे आणि चहा घेऊन जावे. कक्षसेवक आणि मावशींना पहिल्या दिवसापासून बसवावे. प्रसंग सांगण्याची सक्ती झाली तर उठून जाण्याची मुभा आधीच मागून घ्यावी. आणि पुस्तिकेची जुनी प्रत हाती आली तर बेरीज करण्यापूर्वी १, ४, १५, १७ आणि २९ या विधानांपुढे पेन्सिलने ‘सहा वजा लिहिलेला आकडा’ असे लिहून घ्यावे, आणि ‘मदतनीस’ खोडून आपले जे काम असेल ते लिहावे. मावशींनी त्यांच्या प्रतीत सगळीकडे ‘मी’ लिहिले आहे.